६००ला सगळं सॉफ्ट येतंय? लेन्स परत पाठवण्याआधी फोटो नीट बघा

१५०-६०० मिमीची झूम लेन्स हातात आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत जवळजवळ प्रत्येकाला एकदा तरी खात्री पटते, की आपल्या वाट्याला खराब पीस आलाय. मलाही पटली होती. भिगवणला पहाटे कुंभारगावात पोचलो, होडीत बसलो, समोर रोहित पक्ष्यांचा थवा, चारशेच्या वर फ्रेम मारल्या. घरी येऊन लॅपटॉपवर शंभर टक्के झूम करून बघतो तर एकाही पक्ष्याचा डोळा धड नाही. सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं. लेन्स सर्व्हिस सेंटरला दिली. तीन आठवड्यांनी परत आली, सोबत कागद : दोष आढळला नाही. पुढच्या ट्रिपला पुन्हा तेच.

दोष खरोखरच लेन्समध्ये नव्हता. तो लेन्सच्या पुढे बसला होता. दुकानदाराने ‘सर, हा आमच्याकडून’ म्हणत फुकटात लावून दिलेला ९५ मिमीचा यूव्ही फिल्टर. पुण्याजवळच्या कवडीपाटला एका जुन्याजाणत्या काकांनी माझा कॅमेरा हातात घेतला, एक फ्रेम बघितली आणि काही न बोलता फिल्टरच काढून माझ्या खिशात ठेवला. त्यानंतरच्या चक्रवाकाच्या फोटोत पिसं मोजता येत होती.

मग दोन महिने मजेत गेले. एप्रिलमध्ये सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा टिपायला गेलो आणि पुन्हा सगळं सॉफ्ट! आता फिल्टर नव्हता. काही दिवसांनी घराजवळच्या पिंगळ्यावर पुन्हा तेच, आणि तिथे ऊनही नव्हतं. या तक्रारीची गंमत अशी आहे, की लक्षण एकच आणि आरोपी दर वेळी वेगळा. म्हणून एकदा सापडलेला उपाय पुढच्या वेळी चालत नाही, आणि माणूस शेवटी लेन्सलाच शिव्या घालतो.

मुळात या लेन्सकडून आपण काय मागतोय ते आधी बघू. २०१३च्या अखेरीस टॅमरॉनने पहिली १५०-६०० जाहीर केली, तोवर सहाशे मिमी म्हणजे काही लाखांची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, आपल्यासारख्यांनी दुरून बघायची वस्तू. २०१४-१५मध्ये सिग्माच्या स्पोर्ट्स आणि कंटेम्पररी आल्या, २०१६मध्ये टॅमरॉनची दुसरी पिढी, जी२. त्यातल्या त्यात हलक्या असलेल्या दोन किलोच्या आसपास, म्हणून हातात धरून वापरता येतात. या लेन्स गरिबाचं सोनं आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे लहान सेन्सरच्या) बॉडीवर ६०० म्हणजे दृश्यकोनाच्या हिशेबाने ९००. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ने काढलेल्या फोटोत ज्या चुका दिसतही नाहीत, त्या इथे पोस्टरएवढ्या मोठ्या होतात. दहा मीटरवर बसलेल्या पक्ष्यासाठी एफ/६.३ला, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, डेप्थ ऑफ फील्ड (जेवढी खोली स्वच्छ येते ती) फक्त सात सेंटिमीटर मिळते. पिंगळा स्वतः एकवीस सेंटिमीटरचा. फोकस पंखावर बसला की डोळा गेलाच.

तेव्हा पहिलं काम : खराब आलेला फोटो डिलीट करू नका. शंभर टक्क्यांवर उघडा आणि तो नेमका कसा खराब आहे ते बघा. निम्मं निदान इथेच होतं.

फ्रेममध्ये दुसरं काही शार्प आहे का? पक्षी धूसर, पण त्याच्या मागची काटकी किंवा पुढचं गवताचं पातं स्वच्छ दिसत असेल तर लेन्सच्या काचा उत्तम आहेत, फोकस चुकीच्या जागी बसलाय. काहीच शार्प नाही, पण चमकणारा प्रत्येक ठिपका एकाच दिशेने ओढल्यासारखा लांबट दिसतोय, तर हात हलला किंवा गाडी हलली. ठिपके लांबट नाहीत, पण कडा लाटेसारख्या वाकड्या, आणि सलग मारलेल्या एकाच बर्स्टमधल्या दहा फ्रेम दहा तऱ्हेच्या, तर हवा. सगळ्या फ्रेम सारख्याच दुधाळ, फांदीच्या कडेला फिकट दुसरी रेघ, तर फिल्टर किंवा काचेवर धरलेलं दव. आणि डावीकडचं झाड दर वेळी स्वच्छ, उजवीकडचं दर वेळी पुसट असेल, तर मात्र लेन्सवर संशय घ्यायला जागा आहे.

फिल्टर

यावर फार बोलायला नको. काढा. सहाशेला काच जराशी जरी असमतल असली, तरी ती स्वतःच एक कमजोर भिंग बनते आणि चांगल्या लेन्सची माती करते. पुढच्या काचेला संरक्षण हवं असेल तर हूड लावा. ताडोबाच्या धुळीत फिल्टर हवाच असा आग्रह असेल तर पैसे मोजून चांगला घ्या, आणि तो लावून व काढून एकाच वस्तूचे दोन फोटो घेऊन तुलना करा. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते न करता तीन आठवडे घालवले.

हवा

माझ्या मते सगळ्यात जास्त फोटो याने जातात, आणि सगळ्यात कमी लोकांना हे पटतं. उन्हाने तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, कारण गरम आणि गार हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो. डांबरी रस्त्यावर दुपारी दिसणारं ‘पाणी’ त्यातलंच. साध्या डोळ्यांना ही थरथर जाणवत नाही, पण ८० मीटरवरच्या चिंकाऱ्यापर्यंत पोचताना तुमचं चित्र त्या सगळ्या थरांमधून येतं. सुप्याला नेमकं हेच झालं होतं. सकाळी साडेसातचे फोटो आज पुन्हा उघडले तरी सुंदर दिसतात, साडेदहाचे सगळे पाण्याखालून काढल्यासारखे. लेन्स तीच, माणूस तोच.

यात वाईट बातमी अशी, की कितीही महाग लेन्स घेतली तरी हे सुटत नाही. लाखोंची प्राइम घेतलेला शेजारीही तेच भोगतो, फक्त तो बोलत नाही. ऊन चढायच्या आत काम उरका, नाहीतर अंतर कमी करा, दोनच मार्ग. शिवाय हा त्रास जमिनीलगत सर्वांत जास्त असतो, म्हणजे गवतावर आडवं पडून डोळ्याच्या पातळीवरचा फोटो घ्यायचा आपला हट्ट इथे महागात पडतो. उभं राहून घेतलेली फ्रेम कधीकधी जास्त स्वच्छ येते.

थंडीत हे होत नाही असं समजू नका. जानेवारीत उजनीच्या पाण्यावर पहाटे वाफ उठते ना, ती दिसायला छान. पण पाणी उबदार आणि वरची हवा गार म्हटल्यावर थरथर आलीच. लांबचे पट्टकादंब हंस तेव्हाही धूसर येतात. सूर्य वर येऊन पाणी आणि हवा सारखी व्हायला लागली की मधला काही वेळ फार चांगला मिळतो, तो होडीत चहा पिण्यात घालवू नका.

आणि गाडी! एसी लावून काच खाली करायची आणि खिडकीतून लेन्स बाहेर काढायची, हे मी स्वतः कितीदा केलंय. आतली गार हवा खिडकीतून बाहेर सांडते, बाहेरची गरम आत येते, आणि तुमची लेन्स बरोबर त्या संगमावर. अर्धा तास आधी एसी बंद करा. बॉनेटवरून फोटो काढू नका, तापलेल्या इंजिनावरची हवा उकळत असते. गार गाडीतून एकदम बाहेर काढलेली लेन्सही काही वेळ नीट वागत नाही. पावसाळ्यात तर पुढच्या काचेवर दव धरतं आणि आपण ते व्ह्यूफाइंडरवर पुसत बसतो.

थरथर

जुना नियम असा, की शटरचा वेग निदान एक भागिले फोकल लेंथ (लेन्सचा मिमीतला आकडा) सेकंद. क्रॉप बॉडीवर ६००ला ते १/९०० येतं, म्हणजे १/१००० धरा. बसलेल्या पक्ष्यासाठी हे. उडत्या कुरव पक्ष्यासाठी १/२०००च्या खाली मी उतरत नाही. नवीन माणूस आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवायला घाबरतो आणि १/३२०वर ढकलतो. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला डोळा परत आणता येत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात एफ/८, १/१६००, आयएसओ १६०० हे माझं सुरुवातीचं गणित.

एफ/८ मुद्दाम लिहिलं. यातल्या बहुतेक लेन्स ६००ला पूर्ण उघड्या असताना जराशा मवाळ असतात, एफ/८ला सावरतात. काही पीस ५५०लाच ६००पेक्षा स्वच्छ चित्र देतात. हा दोष नव्हे, ही किंमत आहे.

हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझरबद्दल दोन गोष्टी. बटण अर्धं दाबल्यावर त्याला स्थिरावायला अर्धा सेकंद तरी द्या. पक्षी दिसला की खाडकन पूर्ण बटण दाबणाऱ्यांच्या पहिल्या दोन फ्रेम याच कारणाने जातात. आणि पक्का ट्रायपॉड असेल तर स्टॅबिलायझर बंद करा. १/२०००च्या वर तो चालू ठेवावा की नाही यावर लोक भांडतात. मी बंद ठेवतो, तुम्ही तुमच्या लेन्सवर वीस-वीस फ्रेम काढून ठरवा.

सफारीच्या जिप्सीचा वेगळाच तमाशा. वाघ निघाला की सहाजण एकदम उभे राहतात, गाडी होडीसारखी डोलते, इंजिन चालू असेल तर त्याची कंपनं वेगळी. लेन्स लोखंडी दांडीवर थेट टेकवली की ती सगळी कंपनं काचेत. मधे बीन बॅग हवी. विकत घेऊ नका : जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापा, एक तोंड शिवा, दुसऱ्याला चेन लावा. रिकामी घेऊन जा, ताडोबाच्या मोहर्ली गेटला पोचल्यावर दोन किलो तांदूळ भरा, येताना भात करून खा. ड्रायव्हरदादांना आधीच सांगून ठेवा, की प्राणी दिसला की इंजिन बंद. चांगले गाईड हे न सांगता करून घेतात.

फोकस

इथे जरा वेळ घालवावा लागेल.

आधी साधं बघा. लेन्सच्या बाजूला फोकस लिमिटरचं बटण असतं, फोकस कुठपासून कुठपर्यंत शोधायचा ते ठरवणारं. सिग्मा कंटेम्पररीवर त्याच्या तीन जागा : पूर्ण, १० मीटर ते अनंत, आणि २.८ ते १० मीटर. हे बटण बॅगेत घासून सरकतं. आठ मीटरवरच्या खंड्यावर लेन्स नुसती पुढेमागे करतेय आणि कुठेच थांबत नाहीये, तर दहापैकी सात वेळा लिमिटर १० मीटर ते अनंतवर गेलेला असतो. दुसरं, कॅमेऱ्याला ‘तूच पॉइंट निवड’ असं सांगितलंत तर तो सगळ्यात जवळचं, सगळ्यात ठळक काहीतरी निवडणार, म्हणजे गवत. एकच पॉइंट, तोही मधला, आणि तो डोळ्यावर. बऱ्याच डीएसएलआरचे (आरशावाल्या कॅमेऱ्यांचे) कडेचे पॉइंट एफ/५.६चा उजेड गृहीत धरून केलेले असतात, एफ/६.३च्या लेन्सवर संध्याकाळी ते चाचपडतात.

हे सगळं करूनही फोकस सातत्याने मागे किंवा पुढे बसत असेल तर डीएसएलआरवाल्यांनी पुढचं वाचा. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरने फोकस करताना मोजमाप सेन्सरवर होत नाही, आरशाखालच्या वेगळ्या भागात होतं. तिथपर्यंतचं अंतर आणि सेन्सरपर्यंतचं अंतर यात केसाएवढा फरक असला, की फोकस सरकतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोकस करताना, मात्र मोजमाप सेन्सरवरच होतं. यातूनच चाचणी निघते.

भिंतीवरची दिनदर्शिका घ्या, जिच्यात तिथी-नक्षत्रं बारीक अक्षरात छापलेली असतात. सावलीत, गॅलरीच्या टोकाला किंवा सोसायटीच्या भिंतीवर सपाट चिकटवा. बारा मीटर मागे ट्रायपॉड. स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, एफ/६.३, ६००. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडीवर इतक्या अंतरावरून एक पिक्सेल म्हणजे कागदावरचे साधारण ०.०८ मिलिमीटर, म्हणजे दीड मिलिमीटरचं अक्षर सहज वाचता यायला हवं. आधी लाइव्ह व्ह्यूने पाच फोटो. मग व्ह्यूफाइंडरने दहा, आणि प्रत्येकाआधी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा बसवायचा. हे सकाळी लवकर करा, नाहीतर पुन्हा हवा मधे येते.

लाइव्ह व्ह्यूचे स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे सारखेच धूसर : कॅलिब्रेशन हवं, म्हणजे फोकस आकड्याने पुढेमागे सरकवून जुळवणं. व्ह्यूफाइंडरचे काही स्वच्छ, काही धूसर, कशाला काही मेळ नाही : कॅलिब्रेशनने फार फरक पडणार नाही, आधी लेन्स आणि बॉडीचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. कॅननवर मधूनच एरर ०१ दाखवत असेल तर तोही याच संपर्कबिंदूंचा. लाइव्ह व्ह्यूचेही धूसर : वर जा आणि फिल्टरपासून पुन्हा सुरू करा.

माझ्या पिंगळ्याचं उत्तर इथे मिळालं. फोकस सात-आठ सेंटिमीटर मागे बसत होता.

कॅलिब्रेशन कुठे करायचं? बॉडीत सोय असेल तर बॉडीत. कॅननच्या ७०डी, ८०डी, ९०डीमध्ये आहे, १५००डी किंवा २००डीमध्ये नाही. निकॉनच्या डी७२०० आणि डी७५००मध्ये आहे, डी३००० आणि डी५००० मालिकांमध्ये नाही. अडचण अशी, की निकॉनच्या या बॉडी एका लेन्सला एकच आकडा लक्षात ठेवतात. ६००ला बसवलेला आकडा २००ला बिघडवू शकतो. आपण ९० टक्के वेळ ६००लाच असतो, त्यामुळे मी म्हणेन ६००चा धरा.

सिग्माच्या डीएसएलआर लेन्ससाठी यूएसबी डॉक (लेन्स संगणकाला जोडणारी चकती) मिळतो, आणि साध्या बॉडीवाल्यांसाठी तो वरदान आहे, कारण दुरुस्ती लेन्समध्येच साठवली जाते. चार फोकल लेंथ, चार अंतरं, असे सोळा खाने, प्रत्येकात उणे २० ते अधिक २०. अधिक म्हणजे फोकस मागे सरकतो, उणे म्हणजे पुढे. सोळाच्या सोळा खाने पहिल्याच रविवारी भरायला जाऊ नका, डोकं फिरतं. ६००ची ओळ पूर्ण करा, एक ट्रिप करा, मग बाकीचं. टॅमरॉन जी२साठी असाच टॅप-इन कन्सोल आहे. पहिल्या टॅमरॉनवर, म्हणजे ए०११वर, तो चालत नाही, ती सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागते. जुनी स्वस्तात मिळते म्हणून घेताना हे लक्षात असू द्या.

जुन्याचा विषय निघालाच आहे तर : पहिली टेली (लांबचं टिपणारी लेन्स) म्हणून अनेकजण टॅमरॉनची ७०-३०० सेकंडहँड घेतात. निकॉनसाठीच्या जुन्या आवृत्तीत मोटर नव्हती. ती डी३००० किंवा डी५००० मालिकेवर लावली की ऑटोफोकस होतच नाही, कारण त्या बॉडीतही मोटर नाही. हा बिघाड नाही, घेणाऱ्याला कोणी सांगितलं नाही एवढंच. निकॉनच्या मिररलेसवर जुन्या लेन्स बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरवरही तीच गत.

मिररलेसवाल्यांना (ज्यांच्या कॅमेऱ्यात आरसाच नाही) पुढे-मागे बसण्याची ही भानगड नाही, मोजमाप सेन्सरवरच होतं. तुमच्याकडे डीएसएलआरची जुनी लेन्स अडॅप्टरवर लावलेली असेल आणि फोकस नाडीसारखा धडधडत असेल, तर आधी लेन्सचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, मग बॉडीचं. ते होईपर्यंत कॅलिब्रेशनच्या मागे लागू नका. सोनीवाल्यांसाठी एक टीप : तुमच्या वेगवान बॉडीवर थर्ड पार्टी (दुसऱ्या कंपनीची) लेन्स लावली की बर्स्ट सेकंदाला १५ फ्रेमवर थांबतो. तो बिघाड समजून दुकानात भांडू नका.

सगळं ठीक, तरी नाहीच

मग हिशेब करा. साधा खंड्या १६-१७ सेंटिमीटरचा. ३० मीटरवरून, ६००ला, २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडीवर तो फ्रेममध्ये जेमतेम साडेआठशे पिक्सेल लांब येतो. सहा हजारांतले साडेआठशे. त्याला कापून भिंतीएवढा केला तर तो सॉफ्टच दिसणार. लेन्सने तिचं काम केलंय, अंतराने आपलं. जवळ जा, पण पक्ष्याला उडवून नाही, आणि घरट्यापाशी तर अजिबात नाही. पाणवठ्याजवळ गुपचूप बसलात तर तो स्वतःच दहा मीटरवर येऊन बसतो. होडीवाल्या दादांना थवा उठवायला सांगू नका.

आणि खरंच एक बाजू कायम पुसट असेल तर? कॅलेंडरची भिंत कॅमेऱ्याला अगदी समांतर आहे ना ते बघा, मग कॅमेरा उलटा धरून तोच फोटो घ्या. पुसट बाजू चित्रात उजवीकडची उजवीकडेच राहिली तर लेन्सची काच कललेली आहे. भिंतीबरोबर बदलली तर भिंतच तिरकी होती.

काच कललेली निघाली तर सर्व्हिस सेंटरला नुसती लेन्स देऊ नका, बॉडीही द्या. सोबत पेन ड्राइव्हवर चाचणीच्या रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या) : लाइव्ह व्ह्यूच्या पाच, व्ह्यूफाइंडरच्या दहा, उलट्या कॅमेऱ्याच्या दोन. कागदावर अंतर, फोकल लेंथ, अॅपर्चर लिहा. ‘फोटो सॉफ्ट येतो’ एवढंच लिहिलं तर ‘दोष आढळला नाही’ एवढंच परत येतं, माझ्याकडे तो कागद अजून आहे. देण्यापूर्वी बिलावरचा सिरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवून बघा आणि वॉरंटी भारतातली आहे का ते विचारा. आणि हो, जमा करताना फिल्टर काढून घरी ठेवा.